आडनावाचा रकाना

थंदारला घेऊन संघमित्रा वाशीच्या त्या बँकेत तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिनं ऑफिसातून पूर्ण दिवसाची रजा काढली होती. आधीच्या दोन्ही वेळी अर्ध्या दिवसात काही झालं नव्हतं.

थंदार म्यानमारहून इथं शिकायला आलेली, तेवीस वर्षांची. संघमित्राच्या घरातली पुढची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण ती इथल्याच खात्यात जमा होणार होती आणि खात्याचा नंबर शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. आज बुधवार. पहिल्यांदा बँकेला नोंदणी केलेला भाडेकरार हवा होता, दुसऱ्यांदा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कागद. आज दोन्ही फायलीत होते.

काउंटरवरच्या सौरभनं कागद तपासले, पासपोर्ट उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आडनाव कुठंय?"

"नाही," थंदार म्हणाली. ती अडखळत का होईना, हिंदी बोलायची. "आमच्याकडे आडनाव नसतंच. माझं नाव थंदार. एवढंच."

"असं कसं? फॉर्मवर रकाना आहे ना. वडलांचं नाव टाकू या." सौरभ तसा वाईट मुलगा नव्हता. मागं रांग वाढत होती आणि त्याला मार्ग काढायचा होता. "नाही तर थंदार थंदार लिहू. बरेच जण करतात."

"वडलांचं नाव वडलांचं आहे," थंदार म्हणाली. "पासपोर्टवर एक नाव, खात्यावर दुसरं. उद्या कुणी विचारलं तर मी कोण? मी नाही लिहिणार."

"मग सिस्टीम घेणार नाही, मॅडम," सौरभ थंदारला सोडून संघमित्राकडे बघत म्हणाला. "तुम्ही समजवा ना हिला."

समजवा! संघमित्राच्या छातीत काहीतरी भसकन पेटलं. जालन्याजवळच्या तिच्या गावच्या शाळेत नवीन गुरुजी आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला विचारलं होतं, "संघमित्रा, पुढे काय?" तिनं खणखणीत आवाजात आडनाव सांगितलं आणि गुरुजींनी बोटानं शेवटचा बाक दाखवला. त्या वर्षी ती पहिली आली, ती शेवटच्या बाकावरूनच. तेव्हापासून ती आपलं नाव सांगताना पहिल्यावरच थांबायची. पुढचं कुणाला हवंच असेल, तर त्यानं तोंड उघडून मागावं.

"ती बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "मी काय समजवू? साहेबांना बोलवा."

मॅनेजर चंद्रशेखर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पासपोर्ट उलटसुलट केला आणि थंदारला काही न विचारता संघमित्राला विचारलं, "तुम्ही हिच्या कोण? आपलं पूर्ण नाव?"

"घरमालकीण. संघमित्रा."

"संघमित्रा... पुढे?"

"भाडेकरारावर आहे सगळं, तुमच्या हातातच आहे. आणि खातं माझं नाही, हिचं उघडायचंय. हिच्याशी बोला."

चंद्रशेखर जरा वरमले. "हे बघा, नियमाप्रमाणे आडनावाशिवाय..."

"कुठला नियम?" आता थंदारनंच विचारलं. आवाज बारीक, पण ठाम. "मला दाखवा."

चंद्रशेखरांनी सौरभकडे पाहिलं. सौरभनं स्क्रीनकडे.

संघमित्रानं पर्समधून पेन काढलं. वीस वर्षं न्हावा शेवाच्या कस्टम एजंटकडे कागद भरून तिला एक गोष्ट पक्की कळली होती : तोंडी नकार द्यायला कुणालाच जड जात नाही. "बरं, मग लिहून द्या. सगळे कागद बरोबर आहेत, पण आडनाव नाही म्हणून खातं नाकारतोय. खाली सही आणि शिक्का. आम्ही वरती पाठवतो."

"मॅडम, लेखी कशाला..."

"थांबतो आम्ही. तुम्ही सावकाश लिहा."

दोघी बाकावर जाऊन बसल्या. थंदारनं फाईल मांडीवर ठेवली. "ताई, तुमची रजा..."

"पूर्ण दिवसाची आहे. उद्याचीही टाकीन."

रांगेतले लोक वळून बघत होते. एक आजोबा चिडून म्हणाले, "अहो, काय ते लिहून टाका ना, सगळ्यांचा खोळंबा." त्यावर थंदारनं मान वर केली आणि आजोबांनीच नजर वळवली.

पाऊण तास गेला. चंद्रशेखर दोनदा फोनवर बोलले. मग सौरभच्या खुर्चीमागं उभे राहून त्यांनी हळूच विचारलं, "रकाना रिकामा सोडून बघितलंस का?"

"नाही सर. सगळे भरतातच, म्हणून..."

"बघ."

सौरभनं बघितलं. पुढचं पान उघडलं. सक्ती फक्त पहिल्या नावाची होती.

"या मॅडम," तो म्हणाला. या वेळी तो थंदारशी बोलत होता. त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी. खरंच माहीत नव्हतं. इथं सही करा. इंग्रजीत केलीत तर..."

"पासपोर्टवर आहे तशीच करणार," थंदार म्हणाली आणि तिनं आपल्या लिपीतल्या गोल गोल अक्षरांत, अजिबात घाई न करता, सही केली.

चार वाजता खात्याचा नंबर हातात आला. थंदारनं बँकेच्या पायरीवर उभं राहूनच तो शिष्यवृत्तीच्या ऑफिसला कळवला. मग फोन खिशात टाकला आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिथंच, रस्त्यावरच्या लोकांसमोर, मोकळं केलं. संघमित्रानं तिला गप्प केलं नाही. ती शेजारी उभी राहिली आणि वळून बघणाऱ्या प्रत्येकाकडे तिनं डोळे रोखून बघितलं.