दुसऱ्यांदा विचारताना

सकाळपासून मातालोआ बेटावर ठोक ठोक चालू होती. बायका कापडासाठी तुतीची साल लाकडी मोगऱ्यांनी बडवत होत्या. तो आवाज वाळूतून पायांत शिरतो आणि तिथून वर चढतो, असं लुसेआनेला लहानपणापासून वाटे. शाळेच्या खोलीत बावीस मुलं मान खाली घालून बसली होती. खिडकीबाहेर पाणी इतकं नितळ होतं, की नांगरलेल्या होडीची सावली तळाच्या वाळूवर अलग पडलेली दिसे आणि होडी हवेत टांगल्यासारखी वाटे.

लुसेआनेच्या हातात घड्याळ होतं. चाळीस मिनिटं. सूचना तिने शब्दन् शब्द वाचून दाखवल्या होत्या, सहा आठवड्यांपूर्वी वाचल्या होत्या अगदी तशाच. स्वल्पविरामाला थांबायचं तेही तेवढंच थांबली होती. मुलं तीच, प्रश्न तेच, खोली तीच. चाचणी खरोखरच काही मोजत असेल, तर आजचे गुण त्या दिवशीच्या गुणांशी जुळायला हवेत. आज एक आणि उद्या दुसरंच सांगणाऱ्या फूटपट्टीला कोण फूटपट्टी म्हणेल?

ही चाचणी तिने आठ वर्षं खपून बनवली होती. त्याआधी, बेटावरची मुलं राजधानीच्या मोठ्या शाळेत घ्यायची की नाही, हे परदेशातून आलेला एक जुना पेपर ठरवत असे. लुसेआने दहा वर्षांची असताना तिनेही तो सोडवला होता. त्यात एका घराचं चित्र होतं. दार, दोन खिडक्या, छपरावर विटांचा एक चौकोनी खांब. ‘या चित्रात काय राहिलं आहे?’ तिने लिहिलं होतं, माणसं. दारात एकही चप्पल नाही, अंगणात कुणी नाही, असलं कसलं घर? बरोबर उत्तर धूर असं होतं. घराच्या आत चूल मांडतात आणि तिचा धूर छपरातून जातो, हे तिला पुढे बऱ्याच वर्षांनी वेलिंग्टनच्या थंडीत कळलं. ती कशीबशी निवडली गेली. तिच्या वर्गातली हुशार मुलं मात्र त्या धुराच्या पलीकडे कधी गेलीच नाहीत.

म्हणून तिच्या चाचणीत धूर नव्हता. जाळ्यातली चुकलेली गाठ होती, सालीच्या कापडावरची अर्धवट नक्षी होती, भरती-ओहोटीचा क्रम होता. पहिल्या फेरीचे आकडे चांगले आले होते. आता पाच बेटांवर दुसरी फेरी, आणि मातालोआ त्यातलं पहिलं बेट. शिक्षण खात्याच्या सल्लागारांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, “पहिल्या बेटावर दोन फेऱ्यांच्या गुणांचा सहसंबंध शून्य पूर्णांक सातच्या खाली आला, तर पुढचा प्रवास नको. जुना पेपरच चालू ठेवू.”

दुपारी शाळेच्या ओट्यावर तिने कागद तपासले. गुणांचे दोन रकाने मांडले, गुणाकार केले, बेरजा केल्या, वर्गमूळ काढलं. सगळं तंतोतंत जुळलं तर उत्तर एक येतं, काहीच जुळलं नाही तर शून्य. तिचं उत्तर आलं ०.३१.

तिने पुन्हा हिशेब केला. ०.३१.

“आळस, बाई, दुसरं काय!” हेडमास्तर फेलेती म्हणाले. बेटावरच्या मानाच्या पोशाखाप्रमाणे त्यांनी कमरेला शाळेची नीटस चटई गुंडाळली होती आणि बसताना ती सावरायला त्यांना नेहमी थोडा वेळ लागे. “समुद्रावर जायची घाई. एकेकाला उभं करतो.”

“नको, मास्तर. आळशी पोरं इतकी मन लावून चुकत नाहीत. हे बघा.”

तिने तोआकासेचे दोन्ही कागद शेजारी ठेवले. तोआकासे बारा वर्षांची. पहिल्या फेरीत अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस, सगळ्यांत वरचे गुण. आज एकोणीस. आणि चुका कशाही विखुरलेल्या नव्हत्या. प्रत्येक ठिकाणी तिने बरोबर उत्तराच्या अगदी जवळचं, त्याच्या खालोखाल पटणारं उत्तर निवडलं होतं.

“मग चेटूक म्हणायचं,” मास्तर म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. “उरलेली एकवीस मुलं दुसऱ्या फेरीला सोमवारी बसायचीयत. बाकं पुरली नाहीत म्हणून मागे ठेवलीयत ना आपण? तर आजचे, गुरुवारचे कागद पावसात भिजले असं लिहा. इथे पाऊस पडतो हे तर राजधानीत ठाऊक आहे.”

लुसेआने हसली, पण कागद तिने काळजीपूर्वक पाकिटात घातले.

शुक्रवार कसा गेला ते तिला कळलं नाही. ती किनाऱ्याने चालत राहिली. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पावलं उमटत आणि मागून पाणी येऊन ती सपाट करी. आपण मोजतो ते असंच असेल का, तिच्या मनात आलं. मुलाच्या डोक्यात एका सकाळी काहीतरी उमटतं आणि सहा आठवड्यांनी तिथे नुसती वाळू असते. आपण मात्र आठ वर्षं त्या पावलांचे नंबर लिहीत बसलो. दुपारी नारळाच्या सावलीत डोळा लागला तेव्हा तिला आकडे दिसले. ते नितळ पाण्यात मासळीसारखे पोहत होते, आणि ओंजळ घातली की सगळे मिळून दिशा बदलत.

शनिवारी लाविनिया आत्याने तिला ओढतच कामाच्या छपरीत नेलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. या बेटांवर आत्याच्या शब्दापुढे बापाचाही शब्द चालत नाही, आणि लाविनिया आत्या तर बेटावरच्या बायकांची मुकादम होती. “आठ वर्षं लोकांच्या पोरांची डोकी मोजतेस,” ती म्हणाली. “आज जरा कापड मोज. निदान ते तरी उलटून बोलणार नाही.”

गोलसर फळीभोवती आठ-नऊ बायका बसून सालीचे तुकडे खळीने जोडत होत्या. तयार झालेलं कापड छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. एक जाडजूड बाई वितीने ते मोजत गेली आणि म्हणाली, “शंभर.” मग दुसरी, बारीक चणीची, तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. “एकशे चार.”

छपरी हसून हसून लोळली.

“वीत छाटून घे गं तुझी!”

“नवऱ्यानं हात धरून धरून आखडलाय तिचा!”

“आणि कापड?” लुसेआनेने विचारलं. “कापडात काही चूक आहे का?”

“कापडात कसली चूक?” शिकून ही मुलगी वाया गेली की काय, अशा नजरेने आत्याने तिच्याकडे बघितलं. “कापड आहे तेवढंच आहे. दोनदा मोजतात ते हात पारखायला.”

जेवायला आत्याने नारळाच्या दुधात मुरवलेला कच्चा मासा वाढला. त्यात लिंबू अगदी बेताचं होतं आणि कांदा बारीक चिरलेला.

“कसा झालाय?” आत्याने विचारलं.

“फार छान, आत्या.”

आत्या भाजलेला नीरफणस मोडत होती. थोड्या वेळाने ती सहज म्हणाली, “मासा कसा झालाय?”

“छानच आहे... म्हणजे मीठ किंचित कमी वाटतंय.”

मीठ कमी नव्हतं. लुसेआनेच्या जिभेवर ते अगदी नेमकं होतं. तिचा हात वाडग्यावर थांबला.

“आत्या, तुम्ही दोनदा का विचारलंत?”

“विसरले गं विचारल्याचं. म्हातारी झाले आता.” आत्याने मिठाचा डबा पुढे सरकवला. “पण कमी आहे तर पहिल्यांदाच सांगायचं ना!”

“कमी नाहीये.”

“आत्ता म्हणालीस की!”

“तुम्ही परत विचारलंत म्हणून म्हणाले.”

आत्याला यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही. वडीलधाऱ्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलं, तर पहिलं उत्तर त्याला पटलं नाही, एवढं तर रांगतं पोरही ओळखतं. तोच शब्द पुन्हा तोंडावर फेकायचा म्हणजे उद्धटपणा. दुसरं काहीतरी शोधायचं, शक्यतो पहिल्याच्या जवळचं, म्हणजे विचारणाऱ्याचाही मान राहतो. लुसेआनेला हे पस्तीस वर्षं ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं, की ते तिला कधी दिसलंच नव्हतं. पुनर्चाचणीची रीत ती जिथे शिकली होती, तिथे मुलं आत्यांना घाबरत नसत.

रविवारी बेटावर कुणी सुईसुद्धा उचलत नाही. प्रार्थना संपून माणसं पांगली तेव्हा तोआकासे चर्चच्या पायरीवर पांढऱ्या फ्रॉकमध्ये बसली होती. लुसेआने तिच्या शेजारी टेकली.

“गुरुवारी उत्तरं बदललीस ना?”

तोआकासेने मान डोलावली.

“का गं?”

“बाई, तुम्ही एवढ्या लांबून होडीतून परत आलात.” मुलगी नम्रपणे, जरा समजावत बोलत होती. “आधीची उत्तरं बरोबर असती तर कशाला आल्या असता?”

“आणि नवी उत्तरं चुकली तर?”

“मग तिसऱ्यांदा याल की.”

लुसेआनेला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही. बावीस मुलं चाळीस मिनिटं मान खाली घालून तिचा मान राखत होती. ०.३१ हा आकडा त्यांच्या बुद्धीचा नव्हता, विसरण्याचाही नव्हता. वाळूवरची पावलं जिथल्या तिथे होती. तिनेच परत येऊन विचारलं, म्हणून मुलांनी ती अदबीने पुसून टाकली होती.

पण ही तिची समजूत झाली. पुरावा नव्हे. पुराव्यासाठी सोमवारची एकवीस मुलं होती. त्यांना अजून दुसऱ्यांदा कुणी काही विचारलं नव्हतं. मात्र त्यांच्यासाठी सूचना बदलाव्या लागणार होत्या. सूचनांचा शब्द बदलायचा नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम, आणि तो ती स्वतः इतरांना शिकवत आली होती. दुपारभर ती आत्याच्या ओसरीवर वही न उघडता बसून राहिली. रविवार होता. वाक्यं तिने मनातच जुळवली.

सोमवारी एकवीस मुलं बसल्यावर ती म्हणाली, “छपरीत सालीचं कापड दोनदा मोजतात, बघितलंय ना? का मोजतात?”

“मोजणारीचा हात बघायला,” मागच्या बाकावरून उत्तर आलं, आणि कुणीतरी जाडजूड वीत करून दाखवली. वर्ग खिदळला.

“बरोबर. ही चाचणी म्हणजे माझा हात आहे. तो नीट मोजतो का, ते बघायला मी परत आलेय. तुम्ही काही चुकलात म्हणून नाही. कापड आहे तेवढंच राहू दे. आज तुम्हाला जे बरोबर वाटेल तेच लिहा. मागच्या वेळी तेच लिहिलं असेल तरी चालेल, आणि वेगळं लिहिलं असेल तरी.”

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं होतं. नाहीतर मुलांनी तिला खूश करायला जुनी उत्तरं आठवून आठवून लिहिली असती, आणि तो आकडाही तितकाच खोटा ठरला असता. मग तिने नेहमीच्या सूचना वाचल्या, स्वल्पविरामांसकट.

ठोक ठोक चालू होती. होडी हवेत तरंगत होती.

दुपारी दोन रकाने, गुणाकार, बेरजा, वर्गमूळ. ०.७९.

“ऐंशी लिहा सरळ!” मास्तर आनंदाने म्हणाले. “एवढ्याने काय होतंय?”

“एकोणऐंशी आहे, मास्तर.”

“आणि ते गुरुवारचं एकतीस? ते पावसात?”

“ते आधी लिहिणार. मग एकोणऐंशी. मग मधे मी काय बोलले ते. मुलं थोडीच आहेत, हेही लिहिणार.”

मास्तरांनी चटई सावरली. “तुमच्याशी लग्न केलं नाही ते बरं झालं कुणी,” ते म्हणाले, आणि टपाल कचेरीच्या वायरलेसवर निरोप पाठवायला स्वतः चालत गेले.

राजधानीला दोन्ही आकडे गेले, मधल्या वाक्यांसह. लुसेआनेने त्या दिवशी मासा चव न कळता खाल्ला, आणि आत्याने एकदाही कसा झालाय म्हणून विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी उत्तर आलं. ‘दोन्ही आकडे मिळाले. पुढच्या बेटावर जा. नव्या सूचना तिथेही वापरा, पण अर्ध्याच मुलांवर.’ अर्ध्याच मुलांवर, हे वाचून लुसेआनेला सल्लागारांविषयी प्रथमच आपुलकी वाटली. तिनेही तेच सांगितलं असतं. फरक नव्या सूचनांनीच पडतो का, हे उरलेल्या अर्ध्यांशी ताडूनच कळणार होतं.

धक्क्यावर आत्याने तिच्या हातात पानांत गुंडाळलेलं जेवण कोंबलं. “मीठ घातलंय,” ती तिखट आवाजात म्हणाली. आत्याच्या मागून तोआकासे पुढे आली. शाळेचा गणवेश, पाय वाळूने माखलेले.

“बाई, सोमवारच्या मुलांना तुम्ही हाताचं सांगितलंत. आम्हाला नाही सांगितलं.”

“मला माहीत नव्हतं गं तेव्हा. माझी चूक.”

तोआकासेने ते ऐकून घेतलं. मोठ्या माणसाने चूक म्हटल्यावर काय बोलायचं असतं, ते तिला ठाऊक नसावं. “मग आमची कुठली उत्तरं बरोबर होती? पहिली की दुसरी?”

आठ वर्षांत लुसेआनेने कुठल्याही मुलाला हे सांगितलं नव्हतं. परीक्षक तोंडावर काहीच दिसू देत नाही. बरोबर नाही, चूक नाही. पण या मुलीला ही चाचणी आता कुणी पुन्हा देणार नव्हतं. इंजिन सुरू झालं होतं, आणि होडीची सावली तळाच्या वाळूवर हळूहळू सरकू लागली होती.

“पहिली,” ती म्हणाली.

मुलीने तिच्याकडे नीट निरखून बघितलं. कपाळाला बारीक आठी पडली होती.

“पहिली की दुसरी, बाई?”

लुसेआनेच्या जिभेवर काहीतरी हललं. जुनं, अदबशीर, पहिल्याच्या अगदी जवळचं. तिने ते तिथेच धरून ठेवलं.

“पहिली,” ती म्हणाली.