एक वीत वर

"मामा, तिसऱ्यांदा आलात. आता काय बदलू, समोरचा रस्ता?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसत विचारलं. व्हॅनवाला मामा हसला नाही. एरवी असल्या टोमण्याला त्याचं उत्तर तयार असायचं. वीस वर्षांत तो गॅरेजात येऊन असा गप्प उभा राहिलेला मिस्त्रीला आठवत नव्हता.

"उजेडच पडत नाही रे," मामा म्हणाला. "तू दिव्यांना रिले टाकलास, जाड वायर टाकलीस, सगळं खरं. पण पहाटे गाडी काढली की समोर धुकं धरल्यासारखं दिसतं. आता दोन्ही हेडलाइट नवेच बसव. चांगले भगभगीत."

"आणि समोरच्याला आंधळं करा. बसवतो, पण माझ्या हिशोबाचे."

व्हॅन सतरा वर्षांची. पहिल्या पाळीच्या नऊ नर्सना घरोघरून उचलायचं आणि उजाडायच्या आत इस्पितळाच्या दारात सोडायचं, हे मामाचं काम. त्यांतली एक तर त्याच्याच व्हॅनमधून बिचकत नोकरीला गेली होती, आता ती मेट्रन झाली होती आणि मामालाच उशिरावरून दटावत होती.

मिस्त्रीने पिवळ्या पडलेल्या काचा उतरवल्या. गंजलेल्या एका स्क्रूने त्याचा अर्धा तास खाल्ला. सकाळपासून वाकून वाकून कंबरेचा पार भुगा झाला होता, दुपार टळली तरी पोटात अन्नाचा कण नव्हता. पण मामाची गाडी उद्यावर टाकायचं जिवावर आलं. नवे दिवे खोबणीत बसवून त्याने शटर खाली ओढलं. भरदिवसा गॅरेजात काळोख झाला आणि समोरच्या भिंतीवर झोत पडले.

त्या भिंतीवर त्याने खडूची आडवी रेघ ओढलेली होती. उजेड त्या रेघेवर थांबला पाहिजे. गाडीच्या मालकाने स्वतः बघून होकार दिल्याशिवाय मिस्त्री शेवटचे स्क्रू आवळत नसे, उद्या कटकट नको म्हणून. डावा दिवा त्याने रेघेवर आणला. उजव्याला अजून हात लावायचा होता.

"बघा मामा."

मामाने मान पुढे काढून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"झकास. दोन्ही रेघेवर आहेत. आवळ."

उजवा झोत रेघेच्या चांगला वीतभर वर होता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि हा तोच माणूस, दोन बोटांच्या फरकावरून मिस्त्रीला पुन्हा गाडीखाली झोपवणारा.

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर उचलला. वाटलं, गुपचूप नीट करावं, चावी हातात द्यावी आणि आपण सुटावं. या वयात गाडी गेली तर हा माणूस करणार काय? पण पाठीमागे नऊ जणी बसतात, अर्धवट झोपेत, याच्या भरवशावर. जीभ रेटत नव्हती, तरी तो बोलला.

"मामा, उजवा वीतभर वर आहे."

"हो का? चष्मा विसरलो बघ."

"चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या."

मामाने चष्म्याला हात लावून पाहिला. मग तो हळूच बॉनेटला टेकला.

"डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत यायची नाही. आहे तेवढी सांभाळा."

"कधी?"

"तू रिले टाकलास ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

"मामींना माहितेय?"

"कुणालाच नाही. दिव्यांचाच दोष असेल, असं वाटायचं मला. म्हणजे, वाटून घ्यायचो."

"मग उद्या पहाटे काय करणार होतात?"

"रस्ता पाठ आहे मला, मिस्त्री. खड्ड्यासकट."

"रस्ता पाठ आहे. आडवं येणारं माणूस कसं पाठ असेल?"

मिस्त्रीला स्वतःचाच राग आला आणि मामाची अतोनात दया आली. दोन्हींचा उपयोग नव्हता. मामाने खिशातून फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"मेट्रनबाईंना लावून दे."

फोन लागला. "बाई, उद्यापासून दुसरी गाडी बघा... नाही नाही, गाडी ठणठणीत आहे. आत्ताच नवे दिवे बसवलेत तिला... मीच थांबतोय. डोळे साथ देत नाहीत." पलीकडून बाई बरंच काही बोलत राहिल्या. मामा नुसता "हो, हो" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "पोरींना सांगा, वेळेवर खाली उतरून थांबत जा. नवा माणूस हॉर्न मारत बसायचा नाही."

मिस्त्रीने उजवा दिवा रेघेवर आणला आणि स्क्रू आवळले. या वेळी तो "बघा" म्हणाला नाही. शटर वर केल्यावर उन्हात दिव्यांचा उजेड दिसेनासा झाला.

"घरी सोडतोस?" मामाने चावी पुढे केली.

मिस्त्री स्टिअरिंगमागे बसला. मामा गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आला, चढला आणि सवयीने उजव्या खांद्यामागे सीटचा पट्टा चाचपू लागला. तिकडे पट्टा नव्हता. मिस्त्रीने काही सांगितलं नाही, इंजिनही सुरू केलं नाही. मामाच्या हाताला डावीकडचा पट्टा लागेपर्यंत तो समोर बघत बसून राहिला.