चढत्या नदीचा नमुना

मित्रांनो, मी एक जुनी, जाड काचेची बाटली आहे. परळच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने आणणं हे माझं काम. कौतुक व्हायचं ते सूक्ष्मदर्शकाचं. मला वापरायचं, उकळायचं आणि पालथं घालायचं, एवढंच.

१९५६च्या श्रावणात शीव कोळीवाड्यात आमांशानं मुलं निपचित पडू लागली. जाईबाई कोळिणीचा नातू तर डोळेही उघडेना. तिथल्या नदीकाठच्या विहिरीवर मात्र आमच्या साहेबांचा संशय नव्हता. "वैशाखात तपासली होती. पाणी स्वच्छ आहे."

"वैशाखात नदी तळाला होती, साहेब," कालिंदी म्हणाली. ही करी रोडच्या चाळीतली, शिकून प्रयोगशाळेत लागलेली. "आता ती वरच्या गोठ्यांची, संडासांची घाण घेऊन विहिरीच्या कठड्याला टेकलीय. नदी उतरली की गाळ खाली बसेल, आणि पुन्हा पाणी स्वच्छच दिसेल."

"आणा मग नमुना," साहेब कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ट्राम बंद, बस बंद. कालिंदी मला पिशवीत घालून चालत गेली. जाईबाईनं मला दोरीनं विहिरीत सोडलं. पाणी गढूळ, मातकट. "बेगीन जा गो बाय," ती म्हणाली. "पोर हातचं जाईल माझं."

परतताना हिंदमाताच्या चौकात घोषणा, पळापळ, रस्ताभर दगड. एका हवालदारानं अडवलं.

"बाटलीत काय? ॲसिड?"

"विहिरीचं पाणी आहे."

"मग पिऊन दाखव."

प्यावं तर आजार, फेकावं तर पुरावाच गेला. कालिंदीनं माझं बूच काढलं, थोडं पाणी तळहातावर ओतलं आणि हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. कातडी भाजली नाही.

"हेच पिऊन पोरं पडलीत. म्हणून पीत नाही."

हवालदारानं काठी बाजूला घेतली. "जा. आणि हात धुवा, बाई."

संध्याकाळी साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. आमांशाचे परजीवी होते, कवच पांघरून बसलेले. विहिरीत नेहमी टाकतात त्या जंतुनाशक औषधानंही मेले नव्हते. त्याच संध्याकाळी विहिरीवर फळ्या ठोकल्या. घरोघरी पाणी उकळू लागलं. जाईबाईचा नातू वाचला. शेजारणीची मुलगी मात्र आदल्याच दिवशी गेली होती.

आता मी फडताळात धूळ खाते. त्याचं काही नाही. पण मित्रांनो, पाणी तपासलंय असं कुणी सांगितलं, तर एवढं जरूर विचारा: तेव्हा नदी केवढी होती?