इझाबोने न केलेली सही

बुरुजातून सुटायला एक सही पुरेशी होती. ‘मी चुकले, राजाचा कॅथलिक धर्म तोच खरा’ एवढाच मजकूर, आणि खाली मोकळी जागा. तो कागद खालच्या मजल्यावर किल्लेदाराच्या टेबलावर कायम तयार असायचा. वरच्या गोल खोलीत आम्ही अठ्ठावीस जणी. गुन्हा सगळ्यांचा एकच: रानात चोरून भरलेल्या प्रॉटेस्टंट प्रार्थनासभेत सापडलो होतो.

इझाबो रूविएर आमच्यात सगळ्यांत जुनी. ती आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी आले तेव्हा तिला आत वीस वर्षं झाली होती. बुरुजाभोवतीच्या दलदलीच्या ओलीने तिचे गुडघे धरले होते. तरी रोज सकाळी स्तोत्र तीच सुरू करायची. नव्या बाईच्या डोक्यातल्या उवा तीच काढायची, आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रंही तीच लिहायची.

मी ऑलिम्प. मला पकडलं तेव्हा माझी क्लॉडिन दोन वर्षांची होती. तिला जोगिणींच्या मठात नेलं, कॅथलिक म्हणून वाढवायला. मला आत चौथं वर्ष चालू असताना मठातून निरोप आला की पोरीला देवी आल्या आहेत, आईने सही केली तर आजच भेटवू. मी जिन्याकडे धावले. इझाबोने दारात माझा हात धरला.

“पोर आजारी आहे गं माझी!”

“माहीत आहे. पण खोटं बोलून पोर वाचत नसते, ऑलिम्प. देव बघतोय. आज तू उतरलीस तर उद्या सगळ्या उतरतील.”

मी तिथेच बसले. क्लॉडिन वाचली, हे मला पाच महिन्यांनी कळलं. इझाबोच्या प्रार्थनेनेच वाचली, असं मी नंतर कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येकीला सांगत असे.

मग एका उन्हाळ्यात लेफ्टनंट सोरेल नावाचा नवा अधिकारी आला. शिकलेला, मऊ हातांचा. आमची दशा बघून त्याचा चेहरा पडला. तो रविवारी टोपलीभर अंजिरं घेऊन वर यायचा आणि एका वहीतून वाचून दाखवायचा. सरहद्दीपलीकडे राहणारा कुणी म्हातारा तत्त्वज्ञ होता. त्याची पुस्तकं राजाने जाळली होती. त्याची वचनं सोरेलने उतरवून घेतली होती.

“अंजिरं खायची म्हणजे प्रवचन आलंच,” म्हातारी ज्युदित कुरकुरायची. “आमच्या पाळकाने तरी कधी फळं दिली नाहीत बाई!”

एकदा त्याने वाचलं: “माणसाला विश्वास ठेवायला भाग पाडता येत नाही. खोटं बोलायला मात्र भाग पाडता येतं.”

बायकांनी माना डोलावल्या. हे तर आमच्याच बाजूचं बोलणं होतं. मग त्याने पान उलटलं. “ज्याला कधी शंका आली नाही, त्याने विश्वास ठेवला असं म्हणू नये. त्याने फक्त ऐकून घेतलं. आणि ‘मला माहीत नाही’ असं ज्याला मोकळेपणाने म्हणता येतं, तोच मोकळा.”

ज्युदित अंजिराचं देठ थुंकली. इझाबो म्हणाली, “पुन्हा वाचा.”

त्याने पुन्हा वाचलं.

“हा तुमचा म्हातारा कधी तुरुंगात होता का?”

“होता. अकरा महिने.”

“म्हणजे नवशिकाच की!” ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

त्यानंतर ती सोरेलची वाट बघायला लागली. एका रविवारी दोघं खिडकीच्या फटीपाशी बोलत होती. मी जवळच लोकर पिंजत बसले होते.

“मग सही करून टाका ना बाई,” तो कळवळून म्हणाला. “तुमचा देवावर विश्वास उरला नाही म्हणता, तर अडलंय कशाला? शाई आहे नुसती.”

“त्या कागदावर ‘मला माहीत नाही’ लिहायची सोय आहे?”

“नाही.”

“मग? माझा माझ्या देवावर विश्वास नाही, म्हणून राजाच्या देवावर आहे असं लिहू? देव होता तेव्हा त्याला भिऊन खोटं बोलले नाही. आता कुणाला भीत नाही, तरी बोलवत नाही. तुमच्या गुरुजींना विचारा, माझ्यासारखीने सही कुठे करायची.”

सोरेलने खरंच त्या तत्त्वज्ञाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. हिवाळ्यात सोरेलची बदली झाली.

त्या बोलण्याच्या रविवारी माझ्या हातातली लोकर मात्र तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी आम्हाला हवेसाठी गच्चीवर सोडलं तेव्हा मी तिला गाठलं.

“हे त्या वहीने केलं ना? जाळायलाच हवीत असली पुस्तकं.”

“वहीने फक्त नाव दिलं,” ती म्हणाली. “मला फार आधीपासून आहे हे. आत आल्यावर बाराव्या-तेराव्या वर्षी कधीतरी. एका सकाळी प्रार्थना करत होते, आणि पलीकडे कुणी नाही असं वाटलं. मग कधी परत आलंच नाही कुणी.”

मी मनात वर्षं मोजली. पुन्हा मोजली.

“म्हणजे माझी क्लॉडिन आजारी होती तेव्हा...”

तिने तोंड समुद्राकडे वळवलं.

“देव बघतोय म्हणालीस मला. हात धरलास माझा!”

“तू गेली असतीस तर बाकीच्याही गेल्या असत्या. मी एकटी पडले असते, ऑलिम्प. मला फार भीती वाटली.”

मी तिला मारायला हात उचलला होता. समुद्राकडून वारा इतका जोराचा होता की ती कठड्याला धरून उभी होती, वाकलेली. मी हात खाली घेतला. त्यानंतर दोन वर्षं एकाच खोलीत राहून मी तिच्याशी बोलले नाही. स्तोत्र ती म्हणतच राहिली. ज्युदित मरताना तिचा हात घट्ट धरून विचारत होती, “आहे ना गं तो पलीकडे?” इझाबो म्हणाली, “आहे. तुझीच वाट बघतोय.”

मग राजधानीत वारं फिरलं आणि आम्हाला सोडून दिलं. सही न घेता. कागदाचं कुणी नावही काढलं नाही.

मी तशीच मठात गेले. क्लॉडिन सतरा वर्षांची झाली होती. तिने दीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. ती भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडेही आली नाही. एक जोगीण येऊन म्हणाली, “ती तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. तुम्ही खऱ्या धर्मात आलात तर भेटेल.” माझं घर केव्हाच दुसऱ्याला दिलेलं होतं. जायला जागा एकच होती, इझाबोच्या गावची तिच्या भाच्याने दिलेली खोली. मी तिथे गेले. तिने दार उघडलं आणि चेस्टनटची पेज वाढली.

गावात लोक तिच्या हाताचं चुंबन घ्यायला यायचे. एकदा तिने पाळकाला घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याने टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, “बाई, दुसऱ्या कुणाला सांगू नका. तुमच्याकडे बघून इथली माणसं टिकून आहेत.”

“म्हणजे इथेही नाही बोलायचं?”

“इथे तर मुळीच नाही.”

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. आम्हा प्रॉटेस्टंटांना दफनभूमी नाही, म्हणून भाच्याच्या परसात पुरलं. पाळक म्हणाला की इझाबो रूविएरला उभ्या आयुष्यात क्षणभरही शंका शिवली नाही. बायका रडल्या. मी तोंड उघडलं, पण समोर तिचा भाचा होता, त्याची चार पोरं होती, आणि बुरुजात आई गमावलेला एक म्हातारा होता. मी तोंड मिटलं.

मग स्तोत्र कोण सुरू करणार म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून सुरू केलं.