दोनदा उपटलेली दाढ

"खोटं वाटेल तुम्हाला. वाटायलाच हवं. यावर आजवर कुणाचाही विश्वास बसलेला नाही," मामांनी खुर्चीत रेलून सुरुवात केली.

मामा खरे भाचीचे. पण भाची याच ऑफिसात लागल्यापासून ते सगळ्यांचेच मामा झाले होते. दातांच्या दवाखान्यांत नंबर लावणारा प्रोग्राम इथे बनत असे. त्यात मामांच्या हातचं आता एकच उरलं होतं: पेशंटची रांग सांभाळणारा 'क्लास', म्हणजे प्रोग्रामचा एक सुटा भाग. बाकीचं नव्या पोरांनी केव्हाच उपसून टाकलं होतं. हा क्लास आपण शून्यापासून लिहिलाय, असं मामा वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि आत डोकावायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. आज टीमच्या प्रमुख मॅडम तोही काढून टाकायला बसल्या होत्या.

"प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार लिस्ट असताना हे वेगळं बाड कशाला, मामा? तिच्यावरूनच आपला क्लास काढू, तिचं सगळं आयतं मिळेल. चार ओळींचं काम."

"एकाने काढला होता. नाव घेत नाही, बिचारा हयात आहे." मामांनी कप बाजूला सरकवला. "एक माणूस रांगेत दोनदा नको, म्हणून त्याने 'एक घाला' या कमांडवर पहारा बसवला. पण तयार लिस्ट घेतली की तिचा सगळा गोतावळा मागून येतो. त्यात होतं 'सगळे एकदम घाला'. ते पहारेकऱ्याला न विचारता थेट आत! झालं, एका गृहस्थाचा नंबर दोनदा लागला."

"मग?"

"पहिल्या नंबरला दाढ काढली. दुसऱ्याला गृहस्थ शिस्तीत पुन्हा खुर्चीवर. डॉक्टर बघतात तर दाढच नाही. पण स्क्रीनवर तर काम बाकी! शेवटी त्यांनी ती परत बसवली आणि रीतसर काढली."

कुणी हसलं नाही. मॅडमचा हात आपसूक गालावर गेला.

"भूल दिली होती ना?" टेस्टरने विचारलं.

"दोनदा," मामा म्हणाले. "तेव्हाच मी माझा क्लास लिहायला घेतला. लिस्ट आत कडीकुलपात. बाहेरून दारं दोनच: आत घ्या, पुढचा पाठवा."

"राहू दे मग हा," मॅडम म्हणाल्या. मामांच्या जिवात जीव आला.

एरवी ऑफिसात कटाक्षाने अहो-जाहो करणारी भाची तेवढ्यात स्क्रीनवरून वळली.

"थापा मारतोस, मामा! फाइल उघडलीय मी. पहिल्याच ओळीत तुझा क्लास तयार लिस्टवरून काढलाय. 'सगळे एकदम घाला' सताड उघडं आहे. तो दाढवाला क्लास तुझाच!"