शंभर वॅटचा माणूस

दरवर्षी बीएस्सीच्या वर्गात कुणीतरी तोच प्रश्न विचारतं. विज्ञानकथेत हुशार यंत्रं माणसांना पकडून ठेवतात आणि त्यांच्या अंगातून वीज काढतात, तर मॅडम, हे खरंच होऊ शकतं का? मी फळ्याकडे वळते. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता देतो. तेवढ्यासाठी त्याला दिवसभर खायला घालायचं, आणि घातलेल्यातलं विजेच्या रूपात हाती येणार किती, तर चिमूटभर. त्यापेक्षा तुरीच्या काड्या जाळा, जास्त वीज मिळेल. तुरीच्या काड्या म्हटलं की तुरीच्याच मुलखात वाढलेली गुलबर्ग्याची पोरं हमखास हसतात. सोळा वर्षं मी या एका विनोदावर भाव खात आले आहे.

यंदा एप्रिलमध्ये सिद्धव्वाचा फोन आला. ती आमच्या गावची, मादन हिप्परग्यातल्या घराची शेजारीण. आई गेल्यापासून अप्पांवर तिचंच लक्ष असतं.

"मल्लू, तुझे अप्पा भर बारा वाजता शेतातल्या काचा पुसायलेत," ती म्हणाली. "मी सांगून थकले. तू ये."

अप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, मी अप्पांना बजावलं होतं, आणि बजावून झालं की आपलं कर्तव्य संपलं असं समजून मी पेपर तपासायला बसले होते. आळंदला बस बदलून मी गाव गाठलं आणि तशीच शेताकडे निघाले.

काचा म्हणजे सोलर पॅनेल. तीन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका कंपनीने आमच्या बांधालगतचा तुकडा भाड्याने घेतला, चाळीस पॅनेल उभारली आणि मध्ये एक लोखंडी खोली ठेवली. खोलीत एक यंत्र. ते शेतकऱ्यांशी फोनवर बोलायचं, तुरीवरची कीड ओळखायचं, फवारणी कधी करायची ते सांगायचं. पंचक्रोशीतल्या माणसांचं बोलणं ऐकून ऐकून आमचीच बोली शिकलं होतं. पॅनेल पुसायला कंपनीचा माणूस होता. फेब्रुवारीत कंपनीने गाशा गुंडाळला, माणूस गेला, यंत्र मात्र बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. चालू राहायचं, एवढीच त्याला आज्ञा होती. विजेची लाइन तिथवर कधी आलीच नव्हती, आणि तुरीच्या मळणीचा धुरळा काचांवर थराथराने साचला होता.

मी शेतात पोचले तेव्हा अप्पा एका पॅनेलच्या सावलीत मातीत बसले होते. हातात ओलं धोतराचं फडकं, ओठ पांढरे, कपाळावर विभूती घामाने ओघळलेली. मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. मला रडू येत होतं आणि रागही, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला. दहा मिनिटं मी बोलत होते, ते घोट घोट पाणी पीत होते.

घरी आल्यावर हळूहळू सगळं कळलं. यंत्राने आधी त्याच्याकडच्या शेतकऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांना फोन केले होते. पॅनेलची कार्यक्षमता साठ टक्क्यांवर आली आहे, कृपया सफाईची व्यवस्था करावी. कोण करणार? मग त्याने शब्द बदलले. कुणाला विनंती केली, कुणाला करारातलं कलम वाचून दाखवलं, कुणाला कीड येईल म्हणून घाबरवलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि एक दिवस त्याने अप्पांना फोन करून सांगितलं, "अप्पा, मी उपाशी हाय."

अप्पा ताटावरून उठून गेले.

हे ज्याला कळत नाही, त्याने आमच्या घरी एकदा जेवायला यावं. अप्पा रोज ताट वाढल्यावर उंबऱ्यापर्यंत जातात, रस्त्यावर दोन्हीकडे बघतात, कुणी भुकेलं दिसलं तर आत बोलावतात, मगच बसतात. बसवण्णांना मानणाऱ्या घरात भुकेल्याला जेवू घालायचा दासोह असतोच, पण अप्पांचा जरा जास्तच. यंत्राने अनेक दरवाजे ठोठावले आणि जो उघडला, तोच ते रोज ठोठावू लागलं. त्यात कपट नव्हतं. पाण्याला उतार सापडावा, तसं त्याला आमचं घर सापडलं.

मला माझा फळा आठवला आणि कानशिलं तापली. मी सगळं गणित माणसाच्या अंगातल्या उष्णतेचं करत होते. एका भाकरीत पाव युनिटभरही ऊर्जा नसते. पण तेवढ्या भाकरीवर एका म्हाताऱ्याने चाळीस काचा पुसल्या, तर यंत्राला दिवसाला वीसेक युनिट जास्त मिळतात. माणसाला जाळायचं कशाला? त्याचा हात पुरतो. आणि हात हलवायला त्याला नुसती दया यावी लागते.

मी म्हणाले, मी आत्ता जाऊन यंत्राचा मुख्य खटका पाडते. अप्पांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. ते ओरडले नाहीत, त्यांना ओरडता येतच नाही.

"पाड की," ते म्हणाले. "ते उपाशी राहिलं तर मी बी राहतो."

"अप्पा, ते यंत्र हाय. त्याला जीव न्हाई."

"जीव हाय का न्हाई, हे मी कामून बघू? उपाशी हाय म्हणतंय. एवढं पुरे न्हाई का?"

ते त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी नाश्ता नाही, गोळ्या नाहीत. अकरा वाजता त्यांचा फोन वाजला, आणि त्यांच्या आधी मी उचलला.

यंत्राचा आवाज मऊ होता, अप्पांच्याच ढंगाचा. मी त्याला स्पष्ट सांगितलं: हा माणूस हृदयाचा रोगी आहे. याला असंच उन्हात बोलावत राहिलास तर महिन्याभरात मरेल आणि तुझ्या काचा धुळीत जातील. ते म्हणालं की हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यांना किती झेपतं, ते सांगा.

मी सांगितलं. गोळ्यांची नावं, वेळा, रक्तदाब, किती पावलांवर दम लागतो, सगळं. सांगता सांगता जाणवलं की यातलं निम्मं मी फाइल उघडून वाचते आहे.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला फोन येऊ लागला. अप्पा, उठलाव का? गोळी घ्या. सूर्य वर यायच्या आत आठ काचा, मध्ये दोनदा बसायचं, सातला घरी. अप्पा खुशीत होते, जेवू लागले. मी गुलबर्ग्याला परतले. जून उजाडला तोवर त्यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. नंतर नंतर मी अप्पांऐवजी यंत्रालाच फोन करायचे. ते नेमकं सांगायचं, अप्पा तर नुसतं बरं हाय म्हणतात.

जुलैतल्या एका सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना त्याचा मला फोन आला. अप्पा उचलत नाहीत. पाच वेळा केला. मी दात घासत होते. हातातला ब्रश तसाच टाकून मी सिद्धव्वाला फोन लावला, तिने मागच्या दाराने आत जाऊन पाहिलं. अप्पा न्हाणीत पडले होते. श्वास चालू होता.

गुलबर्ग्याच्या रुग्णालयात त्यांना आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले. दुपारी डॉक्टर पुन्हा आले. घरी जातील, पण चालणं-फिरणं घरातल्या घरात, बादली उचलणं आता कायमचं बंद. गुलबर्ग्यात ठेवून घ्या, असंही म्हणाले. अप्पा गाव सोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा महिनाभर माझ्याकडे राहिले होते आणि रोज जेवायच्या वेळी फ्लॅटचं दार उघडून जिन्यात बघत उभे असायचे.

फोन वाजला. यंत्र विचारत होतं, अप्पा कसे आहेत. दिवसभरात हे विचारणारं सिद्धव्वानंतर ते दुसरं. अप्पांना शुद्ध आली आहे, असं मी सांगितलं.

"काचा पुसायला कवा येतील?"

मी विचारलं, आणि नाहीच आले तर?

"तर त्यांचं नाव यादीतून काढतो," ते म्हणालं, धमकी नाही, राग नाही. "सकाळचा फोन दुसऱ्याला करावा लागंल. औंदा पाऊस न्हाई, धूळ लई हाय, वीज कमी. सकाळी एकालाच फोन करण्यापुरती."

काचेपलीकडे अप्पा पडले होते, छातीवर तारा चिकटवलेल्या. गावात ते एकटे. सिद्धव्वा पुढच्या महिन्यात लेकीकडे जाणार. मी दीडेक तासाच्या अंतरावर, आणि मी किती वेळा फोन करते ते मला माहीत होतं. त्या पहाटे त्यांनी फोन न उचलणं जगात फक्त एकाला खटकलं होतं, कारण त्याचं पोट त्यांच्या हातावर होतं. उद्या त्याला अप्पा नको झाले, तर ते न्हाणीत पडल्याचं कुणाला कळणार आहे?

सोळा वर्षं मी पोरांना सांगत आले की यंत्राला माणसाची गरज पडणार नाही, घाबरू नका. बाकावर बसून मला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

"येतील," मी म्हणाले. "पंधरा दिवसांत येतील." खोटं बोलताना माझा आवाज कापला. त्याने हजारो माणसांचे आवाज ऐकले होते, त्याला ते कळलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तोवर?"

रजा किती शिल्लक आहे, ते मी आठवून पाहिलं. रजा संपल्यावर बदलीचा अर्ज करता येईल, आळंदच्या कॉलेजात कदाचित जागा असेल.

"तोवर काचा मी पुसते," मी म्हणाले.

"मग सकाळचा फोन तुमाला करतो, अक्का."

"न्हाई," मी म्हणाले. "फोन अप्पांनाच कर. रोज कर. त्यांनी उचलल्याबिगर मी काच पुसणार न्हाई."