राजवाड्यासमोरचा बारावा फोटो

बारा दिवसांत क्षमाबाईंना साताऱ्याची माणसं जेवढी कळली, तेवढी आठ वर्षं चित्रकला शिकवून कळली नव्हती. सांगलीच्या एका छायाचित्र मंडळाची अट होती: रोज एकच फोटो, त्यात शहरातली एक इमारत आणि एक वाहन. बारा दिवसांचा एकच रोल, न धुतलेला, बाराव्या संध्याकाळी सांगलीत हजर. धुणं, पाहणं, निकाल सगळं तिथंच. ज्याचा रोल उजवा, त्याला मंडळाची डार्करूम वर्षभर खुली. बाईंचा जीव त्या डार्करूमवर जडला होता.

अकरा फोटो झाले होते. पण साताऱ्यातले निम्मे पुरुष फौजेतून परतलेले. कॅमेरा दिसला की छाती पुढे, हात मांड्यांना चिकटलेले. पोवई नाक्यावर टांगेवाला सावधान, कोर्टापुढे सायकलवाला सायकलसकट सावधान. टांग्याच्या फोटोत विश्राम होता तो एकटा घोडा.

बारावा फोटो राजवाड्यासमोर, सकाळी सव्वासातच्या एसटीचा. ड्रायव्हर नाथाजी मिलिटरीत ट्रक चालवून आलेला. बाईंनी त्याला आदल्या दिवशी बजावलं होतं, "गाडी रोजच्यासारखी येऊ द्या. बाकी काही नको."

गाडी आली ती धुऊनपुसून, बॉनेटला झेंडूचा हार लावून. नाथाजीनं खाली उडी मारली. "चला रं, फालिन! रांगा धरा! उंच मागं, बुटकं म्होरं!"

बघता बघता उतारूंच्या तीन रांगा. मधे कुणाच्या तरी हॉटेलातली खुर्ची, तिच्यावर उतारूंतली थोरली अंबूबाई, मांडीवर कोंबडी. राजवाड्याचा दरवाजा पार झाकला.

"अहो, बाजूला व्हा! मला राजवाडा हवाय!"

"त्यो कुटं पळून जातोय?" अंबूबाई म्हणाली. "आमी मातुर चाललो आसनगावाला."

"पलटणीत फोटू आसाच निघतो, बाई," नाथाजीनं समजावलं. "तुमी काढा. आमी हालत न्हाई."

तीच तर पंचाईत होती! बाई विनवून दमल्या, तसे मागचे टाचा उंचावू लागले. कंडक्टर धुळा तेवढा गाडीच्या दारात फुरंगटून उभा. रांगेत त्याला जागा मिळाली नव्हती. बाईंनी हे हेरलं.

"धुळा, घंटी द्या. दोन!"

धुळानं खुशीत दोरी ओढली. टण टण!

रांगा फुटल्या. खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, पिशव्या आत पडू लागल्या. अंबूबाईनं जागा धरायला कोंबडीच आत सोडली. नाथाजीसुद्धा जिवाच्या आकांतानं धावला; गाडी आपल्याला टाकून जाईल असं त्याला वाटलं असावं. मागे राजवाड्याचा दरवाजा मोकळा, लख्ख. बाईंनी खटका दाबला.

"माजं त्वांड आलं का?" स्टिअरिंगवर बसून धापा टाकत नाथाजीनं विचारलं.

"पाठ आली. धावताना."

"आगागा! पलटणीत कुणाला दावू नका!"

संध्याकाळी सांगलीत मंडळाच्या नारायणरावांनी रोल धुऊन त्याची ओली पट्टी उजेडासमोर धरली. अकरा चौकटी भराभर सरकल्या. बारावीपाशी हात थांबला.

"माणसं सगळी हललीत हो."

"गाडी सुटतेय," बाई म्हणाल्या. "साताऱ्यात उभी माणसं अकरा दिवस काढली. ही पहिलीच चालती सापडली."

नारायणरावांनी पट्टी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. मग हसूच आवरेना त्यांना. आत बाकीचे रोल पाहून उठलेल्या तिघा परीक्षकांना हाका मारल्या. पट्टी हातोहात फिरली, चौघांच्या माना डोलल्या.

"डार्करूम कधीपासून हवी तुम्हाला?"

"आत्तापासून," म्हणत बाईंनी पदर खोचला. "फोटो छापायचा कागद कुठं ठेवता तुम्ही?"